तळ्याचे मोल आणि जमिनीचा भाव

जबलपूरमध्ये पत्ता सांगायचा तर पाण्याचे नाव घ्यावेच लागते. राणीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल, देवताल. 'बावन ताल' असलेले शहर अशी या गावाची ख्याती इथली वडीलधारी मंडळी अजून सांगतात. यांतली बरीच तळी गोंड राजांच्या काळातली. राणी दुर्गावतीच्या नावाचे राणीताल, तिच्या दासीच्या नावाचे चेरीताल, दिवाण आधारसिंहाच्या नावाचे आधारताल, अशी परंपरा आहे. राणी १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. तळी त्यानंतर कितीतरी पिढ्या नांदली. आज आपण चेरीतालला गेलात तर घरे दिसतील, दुकाने दिसतील, ताल दिसणार नाही. राणीताल म्हणजे आता क्रीडासंकुल आणि एक गजबजलेला चौक. रिक्षावाल्याला नाव बरोबर माहीत असते, पाणी मात्र त्यानेही पाहिलेले नसते.

वाचकहो, ही तळी कोणी द्वेषाने बुजवली असे मला वाटत नाही. शहर वाढत होते, माणसांना घरे हवी होती, मुलांना मैदान हवे होते. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. निर्णय घेणाऱ्यांसमोर एका बाजूला जमिनीचा चौरस फुटाचा भाव होता आणि दुसऱ्या बाजूला गाळाने भरत आलेले, उन्हाळ्यात वास मारणारे, कोणाला काही उत्पन्न न देणारे तळे. वहीत तळ्यासमोर आकडा नव्हता. आकडा नसला की वाचणारा तिथे शून्य वाचतो. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि या शून्याने मला बराच काळ छळले आहे. म्हणून त्याविषयी आपल्याशी बोलायचे ठरवले.

त्या तळ्यांचे काम काय होते ते आधी पाहू. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. पावसाळ्यात तिथून पाणी धावत खाली येते. उतारावर तळी असली की ते अडते, एक भरले की पुढच्यात जाते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरते. तळ्यात शिंगाडे लावले जात, मासे धरले जात, त्यावर काही घरे चालत. संध्याकाळी काठावरची हवा थंड असे. यांतल्या एकाही गोष्टीची पावती फाडली जात नव्हती. तळे गेले तेव्हा ही कामे संपली नाहीत, ती माणसांच्या खिशावर आली. पाणी तुंबले म्हणून नाला बांधायचा, विहीर आटली म्हणून बोअर मारायची, बोअर आटली की टँकर मागवायचा, उकाडा वाढला म्हणून कूलर. गंमत अशी की टँकर आल्यावर आकडेवारीत व्यवहार वाढलेला दिसतो. विहिरीचे पाणी फुकट होते तोवर त्याची कुठे नोंदच नव्हती. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला बजावून सांगतात की मालमत्ता विकून आलेला पैसा उत्पन्न म्हणून दाखवू नका. शहरे ती चूक बिनदिक्कत करतात आणि तिला प्रगती म्हणतात.

मग उपाय सोपा वाटतो. निसर्ग जे देतो त्याची किंमत काढा, ती वहीत लिहा, आणि मग जमिनीचे काय करायचे ते ठरवा. जगभर हा विचार गेली काही दशके चालू आहे. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टांझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर सगळ्या पृथ्वीचाच हिशेब मांडला आणि निसर्गाच्या सेवा वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलरच्या असल्याचे म्हटले. एवढ्या मोठ्या आकड्याने कोणाचा निर्णय बदलत नाही, म्हणून तो बाजूला ठेवू. आपल्या जवळचे उदाहरण घेऊ.

पण त्याआधी आपल्यापैकी अनेकांच्या मनात आलेली हरकत ऐकून घेतली पाहिजे. नर्मदामाईची किंमत? परिक्रमेला निघालेला माणूस तिला उजव्या हाताला ठेवून महिनोन्महिने चालतो, तिचे पात्र ओलांडत नाही. त्याला जर विचारले की नदीच्या सेवा हेक्टरी किती रुपयांच्या, तर तो आपल्याकडे कीव करूनच पाहील. आईचे मोल करायचे नसते, हे आपल्या हाडीमांसी आहे. ही हरकत भाबडी नाही. एकदा एखाद्या वस्तूला किंमत लागली की ती देऊन वस्तू उचलता येते, असे बाजार शिकवतो.

तरीही आईचेच उदाहरण जरा पुढे नेऊ. आईच्या कामाचा हिशेब मांडणे हा तिचा अपमान, असे म्हणत म्हणत आपण घरातल्या बायकांचे काम पिढ्यान्‌पिढ्या अदृश्य करून टाकले. 'ती घरीच असते' या वाक्यात ते शून्य बसलेले आहे. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक जण दगावले, त्यांत कित्येक गृहिणी होत्या. भरपाई ठरवताना प्रश्न आला की कमावत नसलेल्या बाईचे काय धरायचे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये धरले. रक्कम आपल्याला तुटपुंजी वाटेल. पण त्या निकालाचा अर्थ 'वर्षाला ३६,००० रुपये भरा आणि कोणाचीही आई न्या' असा कोणी लावला का? नाही. न्यायालयाने आईची किंमत ठरवली नाही. तिच्या जाण्याने त्या घराचे जे नुकसान झाले ते शून्य नाही, एवढे लिहून ठेवले.

या लेखमालेसाठी मजकूर मराठीत आणण्याची सेवा करताना माझी लेखणी एका शब्दापाशी नेहमी अडते. इंग्रजीत जिथे एकच शब्द येतो तिथे आपल्याकडे किंमत, मूल्य आणि मोल असे तीन आहेत. किंमत दुकानात असते. मूल्य शाळेच्या भिंतीवर आणि भाषणात असते. मोल मात्र कष्टाचे असते, उपकाराचे असते, आणि ते 'जाणायचे' असते. निसर्गाच्या हिशेबाला मी 'मोल' हाच शब्द वापरते. हा केवळ भाषेचा हट्ट नव्हे, हे पुढे दिसेल.

आता जवळचे उदाहरण. जबलपूरच्या नळाला नर्मदेचे पाणी येते. त्या नर्मदेला मंडल्याजवळ बंजर नदी मिळते, आणि बंजर येते कान्ह्याच्या जंगलातून. म्हणजे आपल्या तांब्यातल्या पाण्याचा काही वाटा कान्ह्याच्या सालवनांतून मुरून आलेला असतो. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये देशातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांचे मोल काढले, त्यात कान्हा होते. (पुढच्या टप्प्यात, २०१९ मध्ये, आपल्या मेळघाटाचाही हिशेब झाला.) कान्ह्याचे वर्षाला सुमारे १,६५० कोटी रुपये धरले गेले. त्यांतले जवळपास १,२४१ कोटी जनुकीय वारसा जपल्याचे, सुमारे ५६ कोटी खालच्या भागाला पोचणाऱ्या पाण्याचे आणि सुमारे ५५ कोटी भोवतालच्या गावांना मिळणाऱ्या चाऱ्याचे.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. सगळ्यात मोठा आकडा जनुकीय वारशाचा, आणि तोच सगळ्यात डळमळीत. कान्ह्यात कठीण जमिनीवर राहणारा बारासिंगा आहे. १९७० मध्ये त्यांची संख्या ६६ वर आली होती. तिथून ती जात पुन्हा उभी राहिली. ती नष्ट झाली असती तर किती कोटींचे नुकसान झाले असते? पाण्याचा हिशेब करता येतो, कारण पाणी नसते तर ते दुसरीकडून आणायला काय पडले असते हे सांगता येते. चाऱ्याचा करता येतो, कारण चारा विकत मिळतो. बारासिंगा दुसरीकडून आणता येत नाही. जे परत आणता येत नाही त्याच्यापुढे लिहिलेला आकडा हा आकड्याच्या वेषातला आदर समजावा.

दुसरे असे की या १,६५० कोटींत एक रकाना नाही. बारासिंग्याला कुरणे मिळावीत म्हणून गाभा क्षेत्रातली बैगा आणि गोंडांची गावे उठवण्यात आली. पाणी आम्हाला, कार्बन साऱ्या जगाला, पर्यटकांचा पैसा हॉटेलांना, आणि उठणे त्यांना. एकूण बेरीज खरी असूनही अशी वही अन्यायाची असू शकते. बरगी धरणाचेही तसेच झाले. १०१ गावे बाधित होतील असे आधी धरले होते. १९९० मध्ये जलाशय भरला तेव्हा १६२ गावे त्यात सापडली. त्या धरणाचे पाणी आणि वीज आम्ही वापरतो, मीही वापरते, म्हणून हे अंग झटकून लिहिता येत नाही. पण हिशेबात चूक होते तेव्हा ती वरच्यांच्या बाजूने क्वचितच होते, एवढे तरी आपण पाहायला शिकले पाहिजे.

कायद्यातही आता निसर्गाचा आकडा आला आहे. वनजमीन खाण, रस्ता किंवा धरणासाठी वळवायची तर 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावे लागते. गोदावर्मन खटल्यातून हे निघाले, कांचन चोप्रा समितीने पद्धत सुचवली, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलाच्या प्रतीप्रमाणे हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर मान्य केले. २०२२ मध्ये ते साधारण ९.५७ लाख ते १५.९५ लाख झाले. अभयारण्याला पाचपट, राष्ट्रीय उद्यानाला दहापट. पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा. पूर्वी काहीच नव्हते, त्या मानाने हे मोठे पाऊल आहे, यात शंका नाही. पण मला सवय आहे म्हणून भागाकार करून पाहिला. एका हेक्टरात १ लाख ७ हजार चौरस फुटांहून थोडे अधिक. म्हणजे साध्या वनजमिनीचा सर्वांत चढा दरही चौरस फुटाला पंधरा रुपयांच्या आतच येतो. एवढ्यात आजकाल जमिनीवर बसवायची साधी फरशीही मिळत नाही.

आणि इथे हिशेबशास्त्रातली एक गोष्ट आठवते. एखाद्या पेढीची वर्षानुवर्षांची पत, गिऱ्हाइकांचा विश्वास, याला आम्ही 'ख्याती' म्हणतो. पेढीने स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येत नाही. पेढी विकली गेली किंवा भागीदार निवृत्त झाला, मरण पावला, की मगच तिचा आकडा काढला जातो. जंगलाचे अगदी तेच झाले आहे. ते उभे असेपर्यंत वहीत ते नाही. ज्या दिवशी तोडायचे ठरते त्या दिवशी त्याची किंमत उजेडात येते, आणि ती किंमत भरणाराच ते तोडणारा असतो. मोल जाणण्याची ही वेळ फारच उशिराची झाली. मोलाचा उपयोग निर्णयाच्या आधी हवा, पावतीपुरता नव्हे.

'वर्तमान मूल्य' या शब्दांतही एक मेख आहे. भविष्यातले शंभर रुपये आज शंभर धरत नाहीत, व्याजाच्या दराने कमी करतात. दर ५ टक्के धरला तर पन्नास वर्षांनंतरचे १०० रुपये आज ८ रुपये ७२ पैशांचे होतात. दर १० टक्के धरला तर फक्त ८५ पैशांचे. कारखान्याच्या यंत्राला ही पद्धत ठीक आहे. पण पन्नास वर्षांनंतर त्या विहिरीचे पाणी पिणारे मूल आजच्या मुलापेक्षा तहानेने कमी व्याकूळ होणार आहे का? दर किती धरायचा हे ठरवणारा माणूस गणित करत असतोच, पण नकळत तो नातवंडांविषयी आपले मतही लिहून ठेवत असतो. परीक्षेत हा दर प्रश्नपत्रिकेत दिलेला असतो, म्हणून आम्ही त्याच्याविषयी कधी विचार करत नाही. गावाच्या बाबतीत तो कोणीही दिलेला नसतो.

आकडा आला म्हणजे झाड वाचते, असा समज असेल तर तोही सोडावा. पश्चिम बंगालमध्ये पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी जेसोर मार्गावरची ३५६ झाडे तोडायची होती. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये सांगितले की एका झाडाचे मोल त्याच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये. वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने झाडे तोडण्यास परवानगी दिली. दुसऱ्या बाजूला रेल्वे फाटकांवरच्या अपघातांत गेलेली माणसे होती. मला हा निकाल सहज 'चूक' म्हणता येत नाही. समितीच्या आकड्याविषयीही थोडे खटकते: ७४,५०० पैकी ४५,००० एकट्या प्राणवायूचे होते, आणि ती झाडे गेल्याने हवेतला प्राणवायू कोणाला कमी पडणार नव्हता. त्या रस्त्याला कमी पडणार होती सावली. भक्तीच्या भरात आकडा फुगवला की समोरचा हिशेबनीस एवढी एक फट शोधतो आणि सगळी वही मिटतो. खरे तेवढेच लिहावे, सत्याचे पालन इथेही सुटत नाही.

मग मोल काढण्याचा उपयोग तरी कोणाला? माझे उत्तर असे. जो तळ्याकाठी राहतो त्याला आकड्याची गरज नसते. सह्याद्रीतल्या देवराया पाहा. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. पिढ्यान्‌पिढ्या कोणी कोयता लावला नाही, ते कोणी हेक्टरी दर सांगितला म्हणून नव्हे. झरा तिथून निघतो हे गावाला ठाऊक होते आणि देव तिथे बसलेला होता, दोन्ही गोष्टी एकच होत्या. आज मात्र निर्णय घेणारा माणूस झऱ्यापासून दूर एका टेबलाशी बसतो. तो वाईट नसतो, त्याला दिसत नसते. आकडा हे झऱ्याने त्याला पाठवलेले पत्र आहे. पत्रात सगळे लिहिता येत नाही, तरी ते पोचावे लागते.

फक्त ते वहीच्या कोणत्या बाजूला लावायचे, यावर माझा आग्रह आहे. आजवरचे बहुतेक हिशेब निसर्गाला 'मालमत्ता' म्हणून मांडतात. मालमत्ता म्हटली की ती कोणाच्या तरी मालकीची, आणि मालकाला ती विकता येते. आपली परंपरा वेगळ्या बाजूने लिहिते. तिच्यात माणूस जन्मतो तोच ऋण घेऊन. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पाऊस आणि यज्ञ यांचे चक्र सांगितले आहे आणि जो घेतो पण परत देत नाही त्याला सरळ चोर म्हटले आहे. ताळेबंदाच्या भाषेत सांगायचे तर निसर्ग आपला धनको आहे आणि १,६५० कोटी हे कान्ह्याचे आपल्यावरचे वार्षिक देणे आहे. आकडा तोच, पण जागा बदलली की प्रश्न बदलतो. मालमत्तेविषयी आपण विचारतो की ही केवढ्याला जाईल. देण्याविषयी विचारतो की हे कोणाचे, किती, आणि आपण फेडतो आहोत का. धनकोला एकरकमी पैसे देऊन बुडवून टाकता येत नाही. आणि कर्ज आपले असताना हप्ता बैगांकडून वसूल करता येत नाही.

हे सगळे सरकार आणि न्यायालयांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकलो असतो. पण जमिनीचे निर्णय आपणही घेतो. आपल्यापैकी कित्येक जण कुठल्या ना कुठल्या विश्वस्त मंडळावर आहेत, गृहसंस्थेच्या समितीवर आहेत. एखाद्या केंद्राला दानात जागा मिळते. तिच्यावर जुनी विहीर असते, चार चिंचा असतात, पावसाळ्यात पाणी साठणारा एक खोलगट कोपरा असतो. सत्संगाला माणसे वाढली, मंडप हवा, गाड्या लावायला जागा हवी. कोपरा भरून वर सिमेंटच्या फरश्या घालायला आपल्यालाही फार वेळ लागत नाही, आणि मग पाच जूनला आपण कुंपणालगत वीस रोपे लावतो. त्या वीस रोपांचा उत्साह खरा असतो, मी त्याची थट्टा करत नाही. पण चिंचेच्या सावलीला आणि मुरणाऱ्या पाण्याला ती उत्तर नव्हेत, निदान तीस वर्षे तरी नव्हेत.

म्हणून पुढच्या वेळी बांधकामाचा नकाशा आपल्यासमोर येईल तेव्हा खर्चाच्या अंदाजपत्रकाला एक पान जोडून घ्यावे. या जागेत आज किती पाणी मुरते आणि ते कोणाच्या विहिरीत जाते. ही सावली कोण वापरतो: भाजीवाली, रिक्षावाले, शेजारच्या शाळेतली मुले. हे गेल्यावर त्यांना त्याऐवजी काय विकत घ्यावे लागेल आणि ते त्यांना परवडेल का. यांतले काय पैशाने परत आणता येते आणि काय येत नाही. ज्याला रुपयात लिहिता येईल ते रुपयात लिहावे, जे येणार नाही त्याच्यापुढे शून्य न लिहिता 'आणता येत नाही' असे शब्दांत लिहावे. त्या पानावर शेजाऱ्यांनाही बोलावून त्यांच्याकडून भरून घ्यावे, कारण बरेच रकाने आपल्याला ठाऊकच नसतात. मंडप बांधू नका असे मी म्हणत नाही. कदाचित तो दहा फूट अलीकडे सरकेल, कदाचित फरशीऐवजी मुरूम येईल, कदाचित सगळे पाहूनही तिथेच बांधायचे ठरेल. मग त्या पानावर कोणाचे किती देणे झाले आणि ते कसे फेडणार, हे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून खाली सर्वांनी सह्या कराव्यात.